माणसाळलेलं हाड

तासगावच्या शाळेत वर्षातून दोनदा थेंबतपासणी व्हायची. बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, काचेच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टी यंत्रात सरकवायची. शरीरात कुठेही एखादी पेशी बिघडून वाट्टेल तशी वाढायला लागली, की तिचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. यंत्र ते तुकडे ओळखायचं. मधल्या सुट्टीपर्यंत निकाल हातात. हिरवी चिठ्ठी म्हणजे सगळं ठीक. गुलाबी चिठ्ठी म्हणजे दवाखान्यात जाऊन त्या गाठीची लस टोचून घ्यायची आणि आठवडाभर घरी बसायचं. ज्या रोगाचं नाव पूर्वी माणसं घरात मोठ्यानं घेत नसत, तो कॅन्सर आता गोवर-कांजिण्यांच्या पंगतीला येऊन बसला होता.

वल्लरी म्हेत्रे तिसरीत असताना तिला पिवळी चिठ्ठी मिळाली. वर्गात कुणालाच पिवळी चिठ्ठी कधी मिळाली नव्हती, त्यामुळे ती खूश होऊन घरी पळत आली.

म्हेत्र्यांची मणेराजुरी रस्त्याला द्राक्षाच्या कलमांची रोपवाटिका होती. वल्लरीचे वडील रणजित गिऱ्हाईक आणि हिशेब सांभाळायचे, आणि कलम बांधायचं काम तिची आई समिधा करायची. तिच्याइतक्या झपाट्यानं आणि तिच्याइतकं नेमकं कलम बांधणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. समिधा जन्मापासून बहिरी होती. कानाच्या आतली नसच घडलेली नव्हती, त्यामुळे कुठलंही यंत्र बसवून उपयोग नव्हता. समोरचा बोलला की तिच्या फोनवर अक्षरं उमटायची, तेवढ्यावर तिचा बाजारहाट चालायचा. पण लेकीशी ती बोलायची ती हातांनी. त्यातल्या निम्म्या खुणा मूकबधिर शाळेत शिकलेल्या, निम्म्या घरातच तयार झालेल्या. इतर पोरं तोंडानं पहिला शब्द काढतात त्याच्या आधीच, नऊ महिन्यांच्या वल्लरीनं मूठ दाबून दूध मागितलं होतं.

रणजितनं पिवळी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात घातली. 'लस उपलब्ध नाही,' एवढंच तिच्यावर छापलेलं होतं.

लस बनवायची तर त्या रोगाचे हजारो रुग्ण अभ्यासावे लागतात. लहान मुलांच्या हाडाचा कॅन्सर तसा दुर्मीळ, अख्ख्या राज्यात वर्षाला साठ-सत्तर मुलांना होणारा. तळहाताच्या हाडातला तर दहा वर्षांत एखादाच. वल्लरीच्या उजव्या तळहाताला महिनाभर सूज होती. दोरीवरच्या उड्या मारताना पडली, त्याचा मुका मार असेल, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं.

मिरजेच्या अस्थिसंशोधन केंद्रात डॉ. तबस्सुम शिकलगार यांनी तिला तपासलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या या बाई शस्त्रक्रियाही करायच्या आणि वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळाही होती.

"मधल्या बोटाचं तळहातातलं जे हाड आहे, त्यात गाठ आहे," त्या म्हणाल्या. "खात्रीचा उपाय म्हणजे ते हाड काढायचं आणि त्याबरोबर मधलं बोट आणि अनामिका. शंभरातली पंच्याण्णव मुलं यानं पूर्ण बरी होतात."

समिधानं नवऱ्याकडे पाहिलं. फोन तिच्या पिशवीत होता. अशा वेळी खुणा करून सांगायचं काम रणजितचं. लग्नानंतर तो हौसेनं सगळ्या खुणा शिकला होता. पण आत्ता त्याचे हात मांडीवरून उठेनात. डॉक्टर थांबल्या. समिधानं त्याच्या गुडघ्याला हात लावून पुन्हा विचारलं. शेवटी वल्लरीनं आईची बाही ओढली. डाव्या हातानं तिनं उजव्या हाताची दोन बोटं दाखवली आणि कात्री चालवल्यासारखं केलं.

'ही दोन कापायची म्हणतायत. हाडात वाईट काहीतरी आहे. कापल्यावर मी बरी होते.'

समिधानं लेकीचा तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो धरल्यामुळे बराच वेळ दोघींनाही काही बोलता आलं नाही.

"दुसरा काही मार्ग?" रणजितनं विचारलं. "हात वाचवायचा? माणसं म्हणतात, आता धातूचं हाड बसतं."

"मोठ्या माणसाला बसतं. ही आठ वर्षांची आहे." डॉक्टरांनी कागदावर एक हाड काढलं आणि त्याच्या टोकाजवळ आडवी रेघ मारली. "मुलांच्या प्रत्येक हाडाच्या टोकाशी अशी कूर्चेची, म्हणजे मऊ लवचीक हाडाची, पातळ पट्टी असते. आम्ही तिला वाढपट्टी म्हणतो. हाड वाढतं ते इथून. धातूला वाढपट्टी नसते. हात वाढत जाईल आणि मधलं हाड आठ वर्षांचंच राहील. बोटं वेडीवाकडी ओढली जातील."

"मग अशी पट्टी तयार करता येत नाही का?"

"चांगल्या पेशी घेऊन खूप प्रयत्न झाले. शरीराबाहेर त्या दोन दिवसांत मरतात. बाहेर तग धरेल एवढा जोम एकाच प्रकारच्या पेशीत असतो." डॉक्टरांनी वल्लरीच्या हाताकडे बोट केलं. "या गाठीतल्या."

रणजितला आधी समजलंच नाही. डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं. बाळ पोटात असताना प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीचं ऐकत असते. तू हाड हो, तू कूर्चा हो, आता वाढ, आता थांब. हे सांगणं रसायनांतून चालतं. कॅन्सरची पेशी म्हणजे वाढायचं विसरलेली नव्हे, थांबायचं विसरलेली पेशी. तिच्यात वाढपट्टी व्हायची सगळी ताकद असते, फक्त ती कुणाचं ऐकत नाही.

"या पेशी अगदी बहिऱ्या—" बोलता बोलता डॉक्टरांनी जीभ चावली आणि समिधाकडे पाहिलं.

वल्लरी तोवर सगळं आईला सांगत होती, तेही तिनं सांगून टाकलं. समिधाला हसू फुटलं. त्या खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदाच ती हसली. तिनं हात हलवले आणि वल्लरीनं ते मोठ्यानं सांगितलं, "आई म्हणते, बहिऱ्याला हाका मारून काय उपयोग? खांद्यावर हात ठेवा."

डॉ. शिकलगार खुर्चीत मागे टेकल्या.

"हे कळायला आम्हाला अकरा वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "रसायनं ओतून ओतून थकलो. मग लक्षात आलं, पोटातल्या बाळाच्या हाडाला आईच्या हालचालीचा दाबही जाणवत असतो. त्या पेशींवर आम्ही अगदी तसाच दाब द्यायला लागलो. ठरावीक ताल, अहोरात्र, चाळीस दिवस. आणि त्या ऐकायला लागल्या."

या दाबाला त्यांनी नाव दिलं होतं स्पर्शहाक. गाठीतल्या पेशी काढून हाडाच्या आकाराच्या साच्यात ठेवायच्या, साचा एका उबदार पेटीत ठेवायचा आणि पेटीनं त्यांना थोपटत राहायचं. चाळीस दिवसांत त्या पेशी वळणावर यायच्या आणि साच्यात वाढपट्टीसकट नवं हाड तयार व्हायचं. पेटीला सगळे पाळणा म्हणत, आणि तयार झालेल्या हाडाला माणसाळलेलं हाड.

"आमच्या द्राक्षाचं तसंच आहे," रणजित हळूच म्हणाला. "खाली जंगली खुंट लावायचा, वर चांगली काडी बांधायची. जंगली मुळाला जोर असतो. नुसती चांगली काडी मातीत टिकत नाही."

"पण जंगली खुंटाला मधूनच स्वतःचे फुटवे येतात ना? तोच इथला धोका. आतापर्यंत अकरा मुलांना असं हाड बसवलंय. नऊ मुलं ठणठणीत आहेत. दोघांत त्या पेशी पुन्हा रानटी झाल्या. एकाचा हात कोपरापासून काढावा लागला. दुसरी वाचली नाही."

तिचं नाव डॉक्टरांनी सांगितलं. मंजुषा. सात वर्षांची होती.

घरी आल्यावर रणजितनं आपलं मत सांगून टाकलं. हात वाचला पाहिजे. पोरगी आईशी बोलणार कशानं? आणि गंमत अशी, की समिधाच नको म्हणाली. तिनं कलम बांधायची पट्टी घेतली आणि आपल्याच उजव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याशी बांधून टाकली. संध्याकाळभर ती तशीच वावरली. तीन बोटांनी तिनं भाजी चिरली, वल्लरीची वेणी घातली आणि तीन बोटांनीच बोलली. बरेचसे शब्द ओळखू यायचे, काही बोबडे व्हायचे. 'भाकरी'चं 'बेडूक' झालं तेव्हा वल्लरी पोट धरून हसली. मग समिधा लेकीला नावानं बोलवायला गेली. वल्लरीच्या नावाची खूण म्हणजे मधलं बोट आणि अनामिका एकमेकांत गुंफायची, वेलीचा ताणा तारेला धरतो तशी. ती होईना. समिधानं क्षणभर विचार केला, अंगठ्यावर करंगळी वळवली आणि सांगितलं, 'हे तुझं नवं नाव. चालेल?'

वल्लरीनं करून पाहिलं. 'चालेल,' ती म्हणाली. पण रणजित उठून रोपांना पाणी द्यायला गेला. पाणी सकाळीच देऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी समिधानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. धोका कशात आहे, चाळीस दिवस थांबण्यात की हाड परत बसवण्यात?

"बसवण्यात," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ पहिल्याच दिवशी शरीराबाहेर येते. हातात तेवढे दिवस तात्पुरता आधार ठेवतो, आणि चुकूनमाकून कुठे पेशी राहिली असेल तर ती मारायला औषधं देतो. थांबण्यात काही जात नाही."

'मग गाठ आत्ता काढा,' समिधानं सांगितलं. 'बसवायचं की बोटं कापायची, ते मी चाळिसाव्या दिवशी बघून सांगेन.'

पहिली शस्त्रक्रिया साडेसहा तास चालली. हाड आणि त्याच्या भोवतीची शंकास्पद जागा डॉक्टरांनी काढली; बोटांना हलवणाऱ्या दोऱ्या आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा एकेक करून सोडवून जपल्या. त्यानंतरचे दिवस कठीण होते. औषधांनी वल्लरीचे केस गेले, तोंड आलं, दहीभातसुद्धा गिळवेना. समिधा दिवसभर तिच्याजवळ असायची आणि दुपारी तासभर वरच्या मजल्यावर जायची. तिथं काचेमागे पाळणा होता. आतली माणसं ताल पडद्यावरच्या रेघांत बघायची. समिधाला आत सोडलं, तेव्हा तिनं पेटीच्या पायावर तळहात टेकवला आणि तिला तो सरळ कळला. दोन हळू, एक जोरात, थोडं थांबून पुन्हा दोन हळू. खाली आली की ती त्याच तालात लेकीची पाठ थोपटायची. ओकारीनं बेजार झालेली वल्लरी त्या तालावर झोपून जायची.

चाळिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि समिधाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पहिली चकती गाठ काढली त्या दिवशीची. पेशी कशाही, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, कुणाचा आकार कुणासारखा नाही. दुसरी आजची. पेशी चपट्या झाल्या होत्या आणि एकीवर एक अशा सरळ उभ्या रांगांत बसल्या होत्या. निरोगी वाढपट्टी अशीच दिसते.

समिधा बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं वळून नवऱ्याला सांगितलं, 'भाकऱ्यांच्या चवडी लावल्यात.' आणि डॉक्टरांकडे पाहून तिनं मान डोलावली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तेव्हा फारशी मोठी न वाटलेली. डॉक्टर म्हणाल्या, "गाठ मोठी होती. हिच्या हाडाला लागल्या त्याच्या कितीतरी पट पेशी माणसाळल्यात. पाच वाढपट्ट्या होतील एवढ्या. कूर्चेचं एक बरं असतं, दुसऱ्याच्या शरीरातही ती चालते, शरीर तिच्याशी भांडत नाही. जंतुसंसर्गानं, अपघातानं वाढपट्टी गेलेली मुलं आमच्याकडे येतात, त्यांना आजवर काहीच देता येत नव्हतं. पण या पेशी आठवड्याच्या आत वापराव्या लागतात. गोठवल्या की सगळं विसरतात."

रणजितनं समिधाला सांगायला सुरुवात केली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात पुढे झाला होता. 'दे.' उरलेली कलमं ती शेजाऱ्यांना द्यायची तेव्हा हीच खूण करायची.

वल्लरीचा हात बरा झाला. पहिले तीन महिने बोटं लाकडासारखी होती. समिधानं कसले व्यायाम लावले नाहीत, ती फक्त तिच्याशी सारखी बोलत राहिली. बोलायचं म्हणजे बोटं वळवावीच लागत. जूनमध्ये वल्लरी शाळेत गेली. दिवाळीपर्यंत ती हातांनी इतकं भरभर बोलायला लागली, की रणजितला 'सावकाश, सावकाश' म्हणावं लागायचं. नावाच्या दोन्ही खुणा घरात राहिल्या. जुनी रोजची, आणि करंगळीची लाडात असताना.

हाड वाढत होतं. दर वर्षी मिरजेला जायचं, हात तासभर एका मोज्यात घालायचा, मोजा आतून थोपटायचा. माणसाळलेल्या पेशींना वर्षातून एकदा स्पर्शहाकेची आठवण द्यावी लागे, एवढाच काय तो जाच. तेरा वर्षांची झाली तेव्हा दोन्ही तळहात एकावर एक ठेवले तर केसभरही फरक दिसत नव्हता. ती कलमं बांधायला शिकली. आईइतकी नाही, पण वडिलांपेक्षा कितीतरी बरी. ज्या पाच मुलांना तिच्या पेशी मिळाल्या होत्या, त्यांचे फोटो दरवर्षी यायचे. अकलूजची एक मुलगी खो-खो खेळायची. तिची एक मांडी वल्लरीच्या पेशींवर वाढलेली होती. वल्लरी ते फोटो आईला दाखवायची आणि समिधा प्रत्येक फोटोवर बोट ठेवून म्हणायची, 'आपलं कलम.'

डॉ. शिकलगारांच्या पद्धतीत पुढे सुधारणा झाल्या. रानटी होण्याचा धोका हजारात एकावर आला. देशभर केंद्रं निघाली. ज्या आजाराचं नाव घेतल्यावर रणजितचे हात मांडीवर गळून पडले होते, तो झालेली जवळजवळ सगळी मुलं आता आपापल्या हातापायांनिशी घरी जात होती.

वल्लरी सतरा वर्षांची असताना दोघी मायलेकी नेहमीसारख्या तपासणीला गेल्या. हात मोज्यात असताना डॉ. शिकलगार तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्या आता निवृत्तीला आल्या होत्या.

"ही शेवटून दुसरी वेळ," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुझी सगळी हाडं वाढायची थांबतील. या पट्टीलाही थांब म्हणून सांगू. ऐकेल ती."

"बाहेर गर्दी केवढी आहे आज," वल्लरी म्हणाली. "एवढ्या मुलांना कॅन्सर?"

"छे. कॅन्सरची दोनच आहेत. बाकीची यादीतली."

"कसली यादी?"

"वाढपट्टी हवी असलेली. कुणाचा हात यंत्रात गेलेला, कुणाचं हाड जन्मतःच अर्धवट. पूर्वी यांना कुणी आशा दाखवत नव्हतं, आता सगळ्यांना ठाऊक झालंय की उपाय आहे. राज्यात अकराशे चाळीस मुलं वाट बघतायत. आणि ही गाठ वर्षाला होते साठ-सत्तर मुलांना. त्यातल्या निम्म्यांची आता इतकी लवकर कळते, की काढल्यावर उरत काही नाही. ज्यांची उशिरा कळते, मोठी असते, त्यांच्या एकेका गाठीतूनच पाच-सहा जणांना पुरतं."

वल्लरीनं मोज्याकडे पाहिलं. आत थोपटणं चालू होतं.

"पण मॅडम, इतक्या मुलांचा अभ्यास झालाय आता. मग याचीही लस निघेल की. शाळेतल्या इतर लशींसारखी."

"निघाली आहे."

"कधी?"

"दोन वर्षं झाली. मीही त्या गटात होते. जन्मल्यावर एकदा टोचली की ही गाठ कधीच होणार नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "समितीसमोर आहे. कुणी अडवत नाही तिला. फक्त कुणी घाई करत नाही."

"तुम्ही करता का घाई?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दर महिन्याला पत्र लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि पत्र टाकून आले, की या दालनातून चालत माझ्या खोलीत जाते. तुला मंजुषा आठवत नसेल, तू लहान होतीस. मला तिच्यासाठी लस हवी आहे. पण गाठीच थांबल्या की बाहेर बसलेल्या पोरांना काय देऊ, ते मला ठाऊक नाही."

मोज्याचा तास संपला. वल्लरी बाहेर आली. समिधा खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी सांगोल्याकडची एक तरुण बाई होती, मांडीवर पाच वर्षांची मुलगी. मुलीच्या मनगटाशी येणाऱ्या दोन हाडांपैकी एकाची वाढपट्टी तान्हेपणी जंतुसंसर्गानं गेली होती. एक हाड वाढत होतं, एक थांबलं होतं, त्यामुळे पंजा दर महिन्याला थोडा थोडा बाजूला वळत चालला होता. पेन्सिल तिला धरता येत नव्हती. दोन वर्षं त्या दोघी दर महिन्याला येऊन यादीतला आपला नंबर विचारून जात होत्या. हे सगळं त्या बाईनं समिधाला फोनवर अक्षरं उमटवून सांगितलं होतं आणि समिधानं तिला आपल्या लेकीचा फोटो दाखवून धीर दिला होता. आता फोनची बॅटरी संपली होती, तरी दोघी एकमेकींकडे पाहून हसत बसल्या होत्या.

खिडकीवरच्या कारकुनानं त्या बाईला हाक मारली. ती गेली, काहीतरी ऐकलं, आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. मग डोळे पुसत दारातल्या दुकानातून पेढ्यांचा खोका घेऊन आली. बाकावरच्या प्रत्येकाला तिनं पेढा दिला. काहींनी उठून तिच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. काहींनी घाईनं आपापला नंबर काढून पाहिला.

वल्लरीच्या तळहातावर त्या लहान मुलीनंच पेढा ठेवला, वाकड्या पंज्यानं, जपून.

"आमचा नंबर लागला बघा!" तिची आई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "नांदेडकडं एक पोरगी सापडली. सहा वर्षांची हाय. मांडीत हाय म्हणं, चांगली मोठी गाठ. काल उशिरा कळलं त्यास्नी. पाच जणांचं काम हुतंय, आणि आमचा पाचवाच! देवाला किती दिस साकडं घातलं हुतं!"

"नाव काय तिचं?" वल्लरीनं विचारलं.

"कुणाचं? त्या पोरीचं व्हय? न्हाय इचारलं बाई," ती म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे वळली.

वल्लरीनं पेढा मोडून अर्धा आईला दिला. समिधानं तो तोंडात टाकला. त्या बाईचा आनंद तिला लांबूनही दिसत होता आणि तिचाही चेहरा फुलला होता. तिनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. 'कशाचा पेढा? काय झालं?'

वल्लरीनं उजवा हात वर केला.

'नांदेडला एक मुलगी आजारी पडली. हाडाचा कॅन्सर.'

समिधाचं चघळणं थांबलं. तिनं त्या बाईकडे पाहिलं, पेढे घेणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि पुन्हा लेकीच्या बोटांकडे. औषधांच्या दिवसांनंतर इतक्या वर्षांत वल्लरीची खूण कधी चुकली नव्हती. आज चुकली असणार.

'बरी झाली,' तिनं विचारलं, 'असं म्हणायचंय ना तुला?'

वल्लरीनं मान हलवली. मग आईला नीट दिसावं म्हणून ती खिडकीच्या उजेडाकडे वळली आणि तेच वाक्य तिनं पुन्हा केलं, सावकाश, पाचही बोटं वापरून.